अक्काची चौकशी

आमच्या शेजारचे सुभेदार आप्पा माणसांवर संशय घेतातच, पण शब्दांवरही घेतात. कोरेगावच्या बाजारात दुकानदार 'डिस्काउंट' म्हणाला की आप्पा पिशवी छातीशी धरतात. "ह्यो कुठला? कुनासंगं आलाय?" फौजेत नाक्यावर तपासणी करून करून लागलेली ही खोड.

असल्या संशयित शब्दांची त्यांनी एक वही ठेवली आहे. तीत एका शब्दाला मात्र स्वतंत्र पानं आहेत. अक्का. म्हणजे थोरली बहीण. "कानडी मुलखातनं आलाय गडी," आप्पा सांगत. "पल्टनीतलं तमिळ जवान बी ह्योच शब्द वापरायचं. इतक्या घरात शिरलाच कसा? लय संशय येतो." माझी मुलगी ताश्कंदला डॉक्टरकी शिकते. तिकडे 'अका' म्हणजे थोरला भाऊ, असं तिने फोनवर सांगितलं, तेव्हा आप्पांनी लगेच नोंद केली : 'वेषांतर. पाळत ठेवणे.' मी पोट धरून हसलो.

आप्पांची स्वतःची अक्का सांगलीला दिलेली. आई बाळंतपणात गेली, तेव्हा चौदा वर्षांच्या अक्कानेच त्यांना वाढवलं. आप्पा दर महिन्याला एसटीने जायचे आणि तिच्या औषधांच्या तारखाही तपासून यायचे.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेली. लग्न झालेल्या बहिणीचं सुतक भावाला तीनच दिवस. आप्पा दहा दिवस सांगलीतच राहिले आणि परतले ते डोकं आणि मिशी उतरवून. ती मिशी म्हणजे आप्पांचा जीव! गल्लीत कुजबुज सुरू झाली. खरं सांगतो, मलाही नाही नाही ते वाटून गेलं.

न राहवून विचारलं, "आवं आप्पा, ह्ये तर लेकानं आईसाठी करायचं. भाच्यांनी अडवलं न्हाई?"

"अडवलं की. म्हनले, मामा, ह्ये आमचं काम हाय. मी न्हाव्याम्होरं बसलो ते उठलोच न्हाई."

मग त्यांनी वही उघडली. पहिल्याच पानावर, शाई फिकट झालेली एक नोंद होती : 'संस्कृत. अक्का म्हणजे आई. पल्टणीच्या पंडितजींनी सांगितले.'

"एवढ्या वर्षांत अक्काला दाखवलं का?"

"न्हाई. हसली असती." आप्पांनी उघड्या पडलेल्या ओठावरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही.

"पंडितजींनी नुसती खात्री करून दिली," ते म्हणाले. "मला ल्हानपनापास्नंच संशय व्हता."