रबराचं झुकतं माप

वाशिमजवळच्या मालेगावात माझं ढेप-सरकीचं दुकान आहे. शाळा मला फारशी लाभली नाही. जे शिकलो ते काट्यापुढे बसून शिकलो. त्यातली पहिली शिकवण अशी, की त्याच पैशात चिमूटभर जास्त मिळत असेल तर नाही म्हणू नये. या शिकवणीपायी माझ्या सासऱ्यांचा डोळा जायची वेळ आली होती.

झालं असं, की गाडीला मोठी अलॉय व्हील बसवायचं मी ठरवलं. चौदा इंची काढून सोळा इंची. कारण विचाराल, तर एका गिऱ्हाइकाच्या गाडीला होती आणि माझ्या गाडीला नव्हती. व्यापाऱ्याला एवढं पुरतं.

टायरवाले सेवादास बोलके गृहस्थ. त्यांनी एकशे पंच्याण्णव-पंचावन्न-सोळाचा टायर काढून ठेवला. मी पाहिलं, तर रबराची भिंत जुन्यापेक्षा बुटकी.

"सेवादासभाऊ, चाक मोठं आन रबर कमी? हे कोनतं माप?"

"शेठ, रिम वाढली का रबर तेवढं कमी करा लागते. चाकाची सारी उंची पयलेएवढीच राह्यली पाह्यजे. नाईतर गाडी भरली का घासते."

"पैसे तेवढेच आन माल कमी! मी ढेपीचं पोतं असं इकलं असतं, त गिऱ्हाइकानं मलेच पोत्यात भरलं असतं."

शेवटी त्याच भावात दोनशे पाच-पासष्टचे चांगले उंच टायर मी पदरात पाडून घेतले. (त्या दिवशी सौदा मीच जिंकलो, हे आजही कोणी नाकारत नाही.) बसवून झाल्यावर त्यांच्या दुकानापुढे एकट्यानं गाडी गरगर फिरवून दाखवली.

"घासली काय?"

"रिकाम्या गाडीनं काय समजते, शेठ? जाऊ द्या. तुमची गाडी, तुमचं पाप."

आता सासरे. किन्हीराजा गावचे जगदेवराव, आमचे मामाजी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पार पिकलेला. आणखी लांबवलं तर हा डोळा परत मिळायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. वाशिमला ऑपरेशन ठरायचं आणि मामाजी निघायचे नाहीत. एकदा मांजर आडवी गेली. एकदा माझा मेव्हणा भागवत उंबऱ्यात शिंकला. एकदा शेजाऱ्यानं "कुठं चालले?" असं विचारून टोकलं. दरवेळी मामाजी घरात परत यायचे, पाणी प्यायचे आणि खाटेवर पडायचे. माणूस भित्रा नव्हे. पण डोळ्याला सुरी लागणार म्हटल्यावर कोणालाही मांजर आडवी जाते.

या खेपेला माझी बायको कस्तुराबाई बापाच्या पायाशी बसून रडली. तेव्हा ते म्हणाले, "येतो. पन रस्त्यात काई विघ्न आलं, त वापस. मंग पुन्हा म्हनू नका."

आमच्याकडे एक जण दवाखान्यात निघाला, की सारं घर निघतं. पुढे मामाजी. मागे सासूबाई ललिताबाई, कस्तुरा, भागवत आणि नुकतंच लायसन्स काढलेली माझी मुलगी समीक्षा. डिक्कीत डॉक्टरांसाठी तूरडाळीचं पोतं. गाडी चालवायला मी. मामाजींच्या घराजवळच्या पहिल्याच वळणावर चाकातून आवाज आला, खर्रर्र!

मामाजींनी हात वर केला. "थांबवा."

"खडा असन, मामाजी."

"गाडी नाई म्हनून राह्यली, जवाईबापू."

आरशात मला कस्तुराचा चेहरा दिसला. तिनं डोळ्यांनीच मला खाली उतरायला सांगितलं. उतरून पाहिलं, तर टायर चाकावरचं प्लॅस्टिक सोलत होता.

"मामाजी, हे विघ्न नोहे," मी म्हणालो. "हा माहा गाढवपना हाय. टायर मोठे घेतले. वजन कमी केलं का आवाज बंद."

"मंग करून दाखवा."

डाळ उतरवली. खर्रर्र. भागवत उतरला. खर्रर्र. ललिताबाई उतरल्या ("जवायानं भर रस्त्यात उतरवलं व माय!" हे सगळ्या गल्लीला ऐकवून). खर्रर्र. मामाजींचा हात दाराच्या कडीकडे गेला.

"बाबा," मागून समीक्षा म्हणाली, "तुमी उतरा. मी चालवते."

"मी? माहं असं काय वजन..."

"उतरा," कस्तुराबाई म्हणाली.

मी उतरलो. गाडीनं सुस्कारा सोडला आणि ती वर आली. समीक्षानं तेच वळण घेतलं. आवाज नाही. ललिताबाई बसल्या. आवाज नाही. भागवत बसला. आवाज नाही. मग त्यानं उत्साहानं डाळीचं पोतंही पुन्हा चढवलं, तरी आवाज नाही. (इथं मी "पुरे आता" असं म्हणालो.) मामाजींनी कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि गाडी वाशिमच्या रस्त्याला लागली. मी बसच्या थांब्याला लागलो.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तेव्हा आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो. मामाजींनी आधी लेकीला पाहिलं, मग नातीला. "सारं सोच्छ दिसते," असं म्हणाले आणि कस्तुरानं पदर तोंडाला लावला. मग त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. या कडेपासून त्या कडेपर्यंत त्यांनी मला सावकाश पाहून घेतलं.

"जवाईबापू," ते हळहळून म्हणाले, "इतके दिवस मी समजत होतो, मोतीबिंदूच्यानं दिसता तुमी असे."