रेगे आणि परीक्षा नसलेलं वर्ष

इथे आखातात, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी एक माणूस डोक्याला हेल्मेट घालून, हातात रुंद पात्याची काठी घेऊन खांबावर चेंडू मारत असतो. वय पन्नाशीच्या पुढचं. खेळाचं नाव हर्लिंग. खेळ आयर्लंडचा, माणूस पुण्याचा. वॉचमन सुरुवातीला त्याला अडवायचा. आता तो फक्त आजूबाजूच्या गाडीवाल्यांना फोन करून ठेवतो.

हर्लिंग खेळायचं असतं या माणसाच्या मुलाला. श्रीकांत रेगे फक्त आधी करून बघतात.

हा त्यांचा स्वभाव आहे. पाहुण्यांना हॉटेलात न्यायचं असेल तर आदल्या आठवड्यात ते एकटे जाऊन तीच थाळी जेवून येतात. विमानतळावर कुणाला आणायला जायचं असेल तर आधी पार्किंग पाहून येतात. दाढ काढायची होती तेव्हा आदल्या दिवशी दवाखान्यात जाऊन खुर्चीत बसून आले. "तयारीला पर्याय नाही," हे त्यांचं वाक्य. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात ते क्वालिटी बघतात. तिथे हे वाक्य चालतं.

मुलगा निहार सोळा वर्षांचा. सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या घरांपासून जवळच्याच एका आयरिश शाळेत जातो. त्या शाळेत मध्येच एक वर्ष असं येतं की परीक्षा नसते. मुलांनी खेळायचं, नाटक बसवायचं आणि आसपासच्या लोकांत मिसळून काहीतरी उपयोगाचं करायचं. पालकसभेत मुख्याध्यापिका ओर्ला मॅडमनी हे समजावलं तेव्हा रेगेंनी हात वर केला.

"मॅडम, व्हॉट इज द सिलॅबस?"

"लाइफ, मिस्टर रेगे."

परत येताना गाडीत त्यांनी मला, सोबतीला नेलेल्या शेजाऱ्याला, विचारलं, "पण वेटेज कशाला किती?"

त्याच संध्याकाळी इमारतीतल्या मराठी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला : 'समाजसेवेसाठी चांगला क्लास माहीत आहे का? वन-टू-वन असल्यास उत्तम.' काहींनी हसरे चेहरे पाठवले. एकाने शारजातला नंबर दिला. तो गणिताच्या क्लासचा निघाला.

क्लास मिळेना, तेव्हा रेगेंनी तयारी स्वतःच्या अंगावर घेतली. मुलं समुद्रकिनारा साफ करायला जाणार होती. रेगे आदल्या दिवशी कचरा कुठे आहे ते बघायला गेले आणि बघता बघता तो उचलूनही आले. दुसऱ्या दिवशी मुलांना फारसं काही सापडलं नाही.

"बाबा, इट्स नॉट अ टेस्ट," निहार म्हणाला.

"टेस्ट नसताना तर जास्त तयारी हवी. काय विचारतील कळत नाही."

घरात तेव्हा हे दोघंच होते. रेगेंची बायको वृंदा आजारी आईजवळ पुण्याला गेली होती आणि तिचं परतणं पुढे पुढे जात होतं.

मग आला इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधला कार्यक्रम. तिथल्या एका कारखान्याच्या कामगारांच्या वसाहतीत रविवारी मुलांनी जायचं, कॅरम खेळायचा, कामगारांना इंग्रजी बोलायची सवय करून द्यायची. रेगे आधीच्या रविवारी तिथे पोहोचले. सगळ्यांना गोळा करून हिंदीत सांगितलं, "बच्चे आयेंगे, हॉबी पूछेंगे. बोलना, रीडिंग."

पुढच्या रविवारी निहारने पहिल्या माणसाला छंद विचारला. "माय हॉबी इज रीडिंग." दुसऱ्याचाही तोच. तिसरा मागच्या वेळी झोपला होता, तो म्हणाला, "सेम." मग एकाने प्रेमाने विचारलं, "बेटा, पापा नहीं आये आज?"

निहारच्या वर्गातली सगळी मुलं हसली.

घरी येऊन निहारने आईला फोन लावला आणि बाबांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खलास. आय ॲम कमिंग टू पुणे. आय डोन्ट वॉन्ट टू लिव्ह हिअर." पाठोपाठ शाळेचाही निरोप आला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ओर्ला मॅडमनी रेगेंना भेटायला बोलावलं होतं.

सोमवारी दुपारी रेगे माझ्या दारात उभे. "अहो, तुम्ही चला. गाडी तुम्हीच चालवा. माझी काही तयारी झालेली नाही."

वाटेत ते म्हणाले, "घरात बोलायचं काम वृंदाचं होतं. मी आणि निहार ऐकायचो. ती गेल्यावर कळलं, मला याच्याशी बोलताच येत नाही. तो काय करतो ते आधी करून बघितलं, की जेवताना एखादा विषय तरी निघतो. आता निहारही गेला, की मी कुणासमोर बसून जेवू?"

मॅडमच्या खोलीत निहार आधीच बसला होता, भिंतीकडे बघत. रेगे उभेच राहिले. मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. उत्तरं पाठ करून घेणं पुन्हा नको, एवढं स्पष्ट सांगून त्या म्हणाल्या की कामगारांनी एक विनंती केली आहे : मुलांबरोबर त्या गृहस्थांनाही पाठवा.

"कशासाठी?" रेगेंनी घाबरून विचारलं.

मॅडम निहारकडे वळल्या. आधीच्या रविवारी छंदाचं प्रकरण थोडक्यात आटपलं होतं, त्या म्हणाल्या. उरलेली सगळी दुपार तुझे बाबा कॅरम हरत होते आणि तुझ्याबद्दल बोलत होते. तुला ढोबळी मिरची चालत नाही, लहानपणी तू पाण्याला घाबरायचास आणि आता शाळेसाठी पोहतोस, आंघोळ करताना गातोस. त्या लोकांना हे सगळं पाठ आहे. त्यांचीही मुलं लांब आहेत, म्हणून त्यांना तो दिवस आवडला.

निहारने पहिल्यांदा मान वळवली. "यू टोल्ड देम अबाउट द सिंगिंग?"

"चांगलं गातोस, म्हणून सांगितलं," रेगे टेबलाकडे बघत म्हणाले.

"यू नेव्हर टोल्ड मी."

मॅडमनी उगाचच समोरचे कागद नीट केले.

बाहेर आल्यावर निहारने आईला फोन केला. "आई, आय ॲम नॉट कमिंग. हो, नक्की. नंतर सांगतो." रेगेंनी इतका मोठा श्वास सोडला की शेजारून जाणाऱ्या एका पालकाने वळून पाहिलं.

"सन्डेला तुम्ही या," निहार त्यांना म्हणाला. "बट नो प्रेप."

"इन्शाल्ला," रेगे म्हणाले. इथे त्याचा अर्थ 'बघू' असाही होतो. निहारने त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा दुरुस्त केलं, "नाही करणार."

परतताना रेगे माझ्या शेजारी बसले होते, निहार मागे. सिग्नलला थांबलो असताना मागून आवाज आला, "बाबा, हाऊ डिड यू मीट आई?"

रेगे कावरेबावरे झाले. "अरे, असं एकदम... मोठी गोष्ट आहे ती. वेळ लागेल."

"इट्स ओके. ट्रॅफिक आहे."

सिग्नल सुटला. रस्ता खरं तर मोकळाच होता. रेगेंनी घसा खाकरला, पुढच्या काचेकडे बघत सुरुवात केली, दोन वाक्यांनंतर थांबले आणि मागे वळून निहारकडे तोंड करून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. मी गाडी सावकाश चालणाऱ्या उजव्या लेनमध्ये घेतली.