पहिलं पाणी

मिसबाहने तीन दिवसांच्या सायकल सफरीचा नकाशा फ्रिजवर चिकटवला, तेव्हा तिला वाटलं, अवघड काम संपलं. नवरा हसनैन हो म्हणाला होता. दीड वर्षाच्या हुमाला सांभाळायला सासूबाई, हुस्नबानो, तयार होत्या. शाळेतली मैत्रीण ममता सोबत येणार होती. जळगावहून निघून यावलवरून फैजपूरला पहिला मुक्काम, मग सातपुड्याच्या कडेकडेने रावेरला दुसरा, आणि तिसऱ्या दिवशी परत. राहायची जागा ज्याची त्याने बघायची. ममताची बहीण फैजपूरलाच होती, त्यामुळे तिचा प्रश्न नव्हता.

मिसबाहनेही आपली जागा केव्हाच निवडली होती. फैजपुरातलं एक साधं लॉज. फोटोत एक पलंग, एक खिडकी आणि आतून कडी असलेलं दार. हुमा झोपली की ती मोबाइलवर तो फोटो उघडायची आणि कडीवर बोटं फिरवून तो मोठा करून बघायची. दीड वर्षात ती सलग अडीच तासांच्या वर झोपली नव्हती. तिला डोंगर बघायचे नव्हते, केळीच्या बागाही नको होत्या. कडी लावायची आणि सकाळपर्यंत कुणी आपल्याला हाक मारायची नाही, एवढ्यासाठी ती पन्नास किलोमीटर पायडल मारायला निघाली होती.

चूक इतकीच झाली, की लॉजचं तिने सासूबाईंना सांगितलं.

हुस्नबानोंनी निवडत असलेली मेथी खाली ठेवली. "फैजपूरला माझे दोन भाऊ जिवंत आहेत, मिसबाह."

त्यानंतर फोन सुरू झाले. थोरले नूर महंमद यांचं गादीचं दुकान. त्यांनी त्याच दिवशी नवी गादी भरायला घेतली. धाकट्या उमरचं सायकल दुरुस्तीचं दुकान. सायकलवर येणारी सून सायकलवाल्याकडेच उतरणार, हे त्यांच्या मते सांगायचीही गरज नव्हती. ते थोरल्यांच्या कानावर गेलं. "झोपवणार कशावर तिला? स्पोकवर?" असा निरोप हुस्नबानोंमार्फत पलीकडच्या गल्लीत पोचला. दोन्ही घरांत चाळीस पावलांचं अंतर होतं, पण निरोप जळगाववरून फिरून जायचे. भावाभावांचं दोन वर्षांपासून येणंजाणं नव्हतं. कारण विचारलं तर दोघंही वेगवेगळं सांगायचे.

मिसबाहने सुचवलं की एकीकडे जेवू, दुसरीकडे झोपू. ते कुणालाच पटलं नाही. दोघांनीही मग घराण्याचा जुना रिवाज काढला. बाहेरून आलेला माणूस गावात पहिलं पाणी जिथं पितो, तिथंच त्याचा मुक्काम. हुस्नबानोंच्या आजोबांनी भांडणं मिटावीत म्हणून हा नियम केला होता म्हणे.

सफरीच्या आदल्या दिवशी हुस्नबानोंना वाटलं, हे दोघं रस्त्यात एकमेकांच्या डोक्यात तांब्या घालतील. म्हणून सफरीच्या दिवशी सकाळची बस पकडून, हुमाला कडेवर घेऊन त्या स्वतःच फैजपूरला जायला निघाल्या. हुमा जळगावलाच राहणार होती, हे मिसबाहने हळूच सांगून बघितलं. "तुझी झोप होऊ दे गं निवांत," हुस्नबानो म्हणाल्या, "मी पोरीला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपेन." त्यांनी जळगावहून दोन बाटल्या पाणी सोबत घेतलं. कुणाच्याही घरचा घोट घ्यायचा नाही आणि कुणाच्या घराची पायरी चढायची नाही, असं ठरवून त्या बसस्टँडच्या बाकावर बसून राहिल्या.

फेब्रुवारीचं ऊन दिसायला मऊ होतं. यावल मागे पडेपर्यंत मिसबाहची बाटली संपली. ममताने आपली पुढे केली, तीही संपली. गाव जवळ आल्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ लागलं, पण रसाला पहिलं पाणी धरतात की नाही यावर ममताबरोबर वाद झाला आणि त्या नादात ते मागे राहिलं. गावाच्या वेशीवर ममता बहिणीकडे वळली. मिसबाह पुढे गेली, आणि तिला दोन्ही मामू दिसले.

रस्त्याच्या उजवीकडे नूर महंमद, हातात काचेचा जग. डावीकडे उमर, हातात स्टीलचा तांब्या आणि वर झाकण. दोघंही हसत होते, तिच्याकडे बघून, एकमेकांकडे नाही.

"ये बेटा, थंड आहे," उजवीकडून आवाज आला.

"माठातलं आहे, वाळा टाकलेलं," डावीकडून.

तिच्या जिभेचं लाकूड झालं होतं. उजवीकडे वळावं तर डावीकडचे डोळे ओले होतील, डावीकडे वळावं तर ती नवी गादी. ती थांबलीच नाही. तिने दोघांनाही सलाम केला आणि मधून सायकल काढली. जग आणि तांब्या मागून भराभरा चालू लागले. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा समोर एका दारात फडकं गुंडाळलेला रांजण दिसला. सायकल भिंतीला टेकवून ती पेल्यामागून पेला प्यायली. तिसऱ्या पेल्यानंतर तिने मान वर केली. दारावर त्याच लॉजची पाटी होती.

मामू धापा टाकत येऊन उभे राहिले. समोरच्या बसस्टँडच्या बाकावरून हुस्नबानो हुमाला घेऊन रस्ता ओलांडून आल्या. त्यांनी रांजणाकडे बघितलं, सुनेच्या ओल्या हनुवटीकडे बघितलं.

"पहिलं पाणी इथं झालं," त्या म्हणाल्या.

आजोबांचा नियम होता. मामूंनी जग आणि तांब्या खाली केले.

अर्ध्या तासात मिसबाह खोली क्रमांक चारमध्ये होती. कडी फोटोपेक्षा छान होती. ती लावायला हात उचलला तोच दार वाजलं. लॉजवर पाहुणी एकटी कशी ठेवायची, म्हणून नूर महंमद नवी गादी डोक्यावर घेऊन आले होते. मागे मामी, तिच्या मागे बिर्याणीचं पातेलं. मग उमर आले, खिमा-पाव आणि पंप घेऊन, चाकांत हवा कमी वाटली म्हणून. त्यांची बायको, पोरं, सुना, आणि शेवटी हुमाला घेऊन हुस्नबानो. लॉज सांभाळणारे तोताराम दारात येऊन माणसं मोजायला लागले आणि तेरावर थांबले.

"बठ्ठा गाव भरशात का काय खोलीत?" सगळं गावच आत शिरल्यासारखं बघत ते म्हणाले. मामीने त्यांच्या हातात बिर्याणीची ताटली दिली. मग तेही आत येऊन बसले.

मिसबाह खिडकीच्या कट्ट्यावर हुमाला मांडीवर घेऊन बसली होती. कडी तिच्यापासून सहा फुटांवर होती, आणि मधे तेरा माणसं. तिला रडू येईल असं वाटलं. दोन्ही मामू हुस्नबानोंकडे तोंड करून, त्यांच्यामार्फत गादीच्या कापसावरून वाद घालत होते.

"बघू तरी कशी भरलीस," म्हणत हुस्नबानो गादीवर आडव्या झाल्या. आधी कोपर टेकलं, मग डोकं. उमर कापसाबद्दल काहीतरी टोमणा मारत होते. मध्येच थांबले.

हुस्नबानो झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, हात छातीवर.

नूर महंमद गादीजवळ वाकले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "अम्मी गेल्यावर आपाने आपल्याला वाढवलं. मी तिला झोपलेलं कधी बघितलंच नाही रे."

"मी पण नाही," उमर म्हणाले. दोन वर्षांत थोरल्याशी ते सरळ बोललेले हे पहिले शब्द.

मग कुणी काही ठरवलं नाही. मामीने पातेलं आवाज न करता उचललं. पोरांच्या चपला हातात घेतल्या गेल्या. उमरने मिसबाहच्या मांडीवरून हुमाला अलगद घेतलं, नूर महंमदांनी तिची दुधाची बाटली घेतली. पोरगी आज कुणाकडे, असा प्रश्न दारात क्षणभर उभा राहिला. थोरले पुटपुटले, "चल, तुझ्याकडेच. मीही येतो." तोताराम ताटली घेऊन पाठमोरे बाहेर पडले.

मिसबाहने कडी लावली. गादीचा अर्धा भाग मोकळा होता.

ती उठली तेव्हा ऊन पायांवर आलं होतं. हुस्नबानो खिडकीशी बसून फोनवर बोलत होत्या. पलीकडे रावेरची मावसबहीण होती. तिथला मुक्काम त्यांनीच आठवड्यापूर्वी पक्का केला होता.

"नाही गं, जमणार नाही या खेपेला. मिसबाह थकलीय फार." फोन ठेवून त्यांनी सुनेकडे बघितलं. "रावेरला असं एखादं लॉज बघून ठेवलंय का गं तू?"

"ठेवलंय. पण अम्मी, तुम्ही आज बसने घरी जाणार होता ना?"

हुस्नबानोंनी उशी थोपटून सरळ केली. "जाणारच आहे बसने," त्या म्हणाल्या. "रावेरवरून."