आत कोणतरी आसा

आमच्या शेजारचे भास्कर मास्तर स्क्रू-ड्रायव्हरनं जग ऐकतात. टोक वस्तूवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. माझ्या मिक्सरवर लावून झाला, फ्रीजवर झाला. एकदा तर दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराच्या टोपलीतल्या उंड्यांवर लावला आणि म्हणाले, "कालचे आसत." पोदेर पुढे कितीतरी दिवस आमच्या वाड्यावर फिरकला नाही. मग एकदा माझ्या खोलीच्या भिंतीला लावला. "वयनी, आत कोणतरी आसा." मी मुकाट्यानं खाट अलीकडे ओढली.

हे खूळ आलं कुठून, तर मास्तर डिचोलीकडे एका ट्रेनिंग सेंटरात मेकॅनिकचं काम शिकवायचे. खाणीच्या ट्रकाचं जुनं इंजिन शेडमध्ये बसवलेलं. पोरांनी टोक लावायचं, कानानं बिघाड ओळखायचा. मग खाणी बंद पडल्या, नवा अभ्यासक्रम आला. आता बिघाड कॉम्प्युटर सांगतो. पोरं कारखान्यात करारावर लागतात, करार संपला की घरी येऊन बसतात.

"कामगार म्हणजे बेरिंग, वयनी," मास्तर म्हणतात. "आता झिजायच्या आधीच बदलतत. आवाज करूक सवडच नाय."

शेवटी त्यांचा वर्गच बंद झाला, इंजिन भंगारात गेलं. घरात बोलायला माणूस नाही. घोर एकच, ही कानाची विद्या आपल्याबरोबर जाणार.

एका दुपारी मला त्या शेडमध्ये घेऊन गेले. इंजिनाच्या जागी नुसता सिमेंटचा ओटा. मास्तर उकिडवे बसले, टोक खाली टेकलं, मूठ माझ्या कानाला लावली. "आयका. चालू आसा."

मला खरंच ऐकू आलं. ठक, ठक. अंगावर काटा आला. खाली बघते तर टोक ओट्यावर नव्हतंच. त्यांच्या अंगठ्यावर होतं, आणि अंगठा थरथरत होता. मी म्हटलं, "चालू आसा, मास्तर."

"चला, एक तरी शिष्य गावलो," ते म्हणाले, आणि रोज हाक मारायला लागले. मीही हातातलं पीठ तसंच टाकून त्यांच्याबरोबर शेडमध्ये जाते.

परवा मात्र स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात देऊन ते दारात जाऊन उभे राहिले. "आज एकट्यान आयका."

मी टोक नीट ओट्यावर टेकलं. ठक, ठक. तस्संच.

"काय आसा?" दारातून त्यांनी विचारलं.

"आत कोणतरी आसा," मी म्हटलं.

मास्तर हसले. मी त्यांचं मन राखतेय, असंच त्यांना वाटलं.