बटणांच्या मोबाईलची स्थळपाहणी

कार्यालयीन व्हॉट्सॲप ग्रुपवरील शोकसंदेशास उंचावलेले अंगठे पाठवण्यात आल्याची बाब वरिष्ठांनी अत्यंत गांभीर्यानं घेतली. झालं होतं असं, की वरिष्ठांचे सासरे वारले. ती बातमी त्यांनी स्वतःच ग्रुपवर टाकली आणि पाठोपाठ सगळ्या कार्यालयानं अंगठे वर केले. आमच्या साहेबांनी तर, अनवधानानं, टाळ्या वाजवणारे हात पाठवले. चौकशी लागली. दोष माणसांचा नसून काचेचा आहे, असा निष्कर्ष निघाला. काचेवर बोट घसरतं, त्यामुळं विचार करायला सवड मिळत नाही. तरी यापुढं कर्मचाऱ्यांना पूर्ण बटणांचे मोबाईल द्यावेत, म्हणजे एकेक अक्षर दाबून लिहिताना माणूस आपोआप गंभीर होईल, असं ठरलं.

खरेदीपूर्वी एक नमुना तपासणीसाठी आमच्याकडं आला. आमचं कार्यालय जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, भूमच्या पलीकडं कुठंतरी आहे. नेमकं नाव सांगण्याचे अधिकार मला प्रदान झालेले नाहीत. गुणदोषांचा अहवाल देण्याची जबाबदारी माझ्यावर आली, कारण साहेबांच्या मोबाईलवरची अक्षरं मोठी करून देणारा मी एकटाच निघालो होतो. तेव्हापासून मी तंत्रज्ञ.

खोटं कशाला बोलू, मी हरखलो. माझं घर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, उमरग्यात. बायको गायत्री तिथं एका दवाखान्यात नर्स आहे. लग्न झाल्यापासून आमचा संसार एसटीच्या वेळापत्रकावर चाललेला, आणि आता तिला दिवस गेलेले. माझा बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर धूळ खात होता.

"उमाशंकर," साहेब म्हणाले, "अहवाल द्या आणि उमरग्याला जा. बाळंतपणाला तुम्ही घरी असाल, माझा शब्द."

एवढं ऐकल्यावर तो मोबाईल मी प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतला. दिसायला गोंडस होता. वर चौकोनी काच, खाली बटणांच्या चार ओळी, प्रत्येक बटण मधोमध जरा फुगीर. मी चालू करायला कडेला बोट नेलं, तोच साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"अहो, काय करताय काय!"

"चालू करतोय, साहेब."

"चालू केला की तो वापरलेला मोबाईल झाला. वापरलेला नमुना वर परत घेत नाहीत. उद्या उत्तर कोण देणार?"

"मग निदान बटणं दाबून बघतो."

"दाबल्यानं झीज होते. चालू न करता, न दाबता तपासा. तपासणी म्हणजे वापर नव्हे, उमाशंकर."

इंटरनेटवर पोरं मोबाईलची परीक्षणं करतात, ती मी बसून पाहिली. कुणी डोळे मिटून बटणं बडवतो, कुणी मोबाईल बादलीत बुचकळतो, कुणी जिन्यावरून खाली सोडतो. हात न लावता परीक्षण केलेला एक पठ्ठ्या सापडला नाही. मला घाम फुटला. अहवाल अडला की बदली अडली, आणि गायत्रीचे महिने काही साहेबांच्या मंजुरीसाठी थांबणार नव्हते.

मार्ग काढला तो मंडळ अधिकारी बब्रुवान यांनी. या माणसाची सगळी हयात जमिनीचे पंचनामे करण्यात गेलेली.

"लांबनं बघायचं, हात लावायचा न्हाय अन् कागद भरून काढायचा, एवढंच ना?" ते म्हणाले. "आवो, मग आमी जन्मभर दुसरं काय करतो? जमिनीची स्थळपाहणी अशीच असती. काढा छापील नमुना."

आम्ही मोबाईल टेबलाच्या मध्यभागी ठेवला आणि पाहणी सुरू केली. बब्रुवान सांगत गेले, मी लिहीत गेलो. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस आवाज कमी-जास्त करण्याचे बटण, पश्चिमेस टेबलाची कड, दक्षिणेस चार्जिंगचे छिद्र, उत्तरेस काच, जी पाहणीवेळी कोरडी आढळून आली. बटणांच्या चार ओळींस 'चार सऱ्या, सुस्थितीत' असं नोंदवलं. सगळ्यांत खाली शब्दांत जागा सोडण्याचं लांबडं बटण होतं. त्यावर एकही अक्षर नसल्यामुळं ते गायरानात धरलं. पंच म्हणून कार्यालयासमोरच्या हॉटेलवाल्या कोंडिबाला बोलावलं.

"कशावर सही करायची?" कोंडिबानं विचारलं.

"पंचनाम्यावर."

"मग आणा इकडं. मला वाटलं, काय वाचायबिचायचं हाय." आणि सही ठोकून तो उकळत्या चहाकडं पळाला.

अहवाल संगणकावर चढवताना पहिली अडचण आली. नमुना जमिनीचा असल्यामुळं गट नंबर टाकल्याशिवाय संगणक पुढं सरकेना. बब्रुवाननी एक मोकळा गट नंबर दिला. मग क्षेत्र विचारलं. मोबाईल तळहाताएवढा, पण एक आरच्या खालचं क्षेत्र संगणक लाल करून दाखवायचा. शेवटी एक आर टाकलं. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, हे आम्हाला ठाऊक होतं; पण संगणकापुढं शहाणपण चालत नाही, हेही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मोबाईलचा सातबारा निघाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी गायत्रीला फोन करून सांगितलं, माळ्यावरचा पाळणा काढून पुसून ठेव.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. अहवाल वाचणारा अधिकारी हा किती मोठा धोका असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

"अहवाल उत्तम आहे," ते म्हणाले. "पण एक खुलासा करा. क्षेत्र एक आर. आपली ही खोली मोजली तर त्याच्या निम्मीही भरत नाही. मग शंभर चौरस मीटर जमीन या खोलीत मावली कशी?"

"साहेब, तो मोबाईल तळहातावर मावतोय, बघा की समोर."

"समोरचं बघून शासन चालत नाही. नोंद काय म्हणते? जमीन मोठी, खोली लहान. याचा अर्थ जमीन खोलीत नाही. खोली जमिनीवर आहे." साहेब एकदम गंभीर झाले. "आणि बांधकामाची परवानगी मला कुठं दिसत नाही."

साहेब तत्त्वाचा माणूस. सक्षम प्राधिकारी म्हणून त्यांनी अतिक्रमणाची नोटीस काढली आणि कार्यालयप्रमुख म्हणून स्वतःच घेतली. स्वतःकडं मुदत मागितली, स्वतःला सुनावणीस बोलावलं, स्वतःचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि ते असमाधानकारक ठरवून फेटाळलं. त्या आठवड्यात कार्यालय खोली रिकामी करून आवारातल्या लिंबाखाली गेलं. खुर्च्या गेल्या, कपाटं गेली, पंखा गेला. खोलीत टेबल राहिलं, टेबलावर मोबाईल, आणि मोबाईलजवळ मी.

"साहेब, माझी बदली?" मी लिंबाखाली जाऊन विचारलं.

"होणार की! शब्द दिलाय मी. पण तुम्ही आता त्या जमिनीचे ताबेदार आहात. वस्तू असती तर पिशवीत घालून पुढच्याच्या हातात दिली असती. ही पडली स्थावर मालमत्ता. ती अशी उघड्यावर टाकून जाता येत नाही. स्वखुशीनं ताबा घेणारा माणूस आणा, त्याची संमती द्या, आणि त्याच दिवशी सुटा."

मी संमती मागत गावभर हिंडलो. सहकाऱ्यांच्या पाया पडायचा बाकी राहिलो. कोंडिबाला तर बाळाच्या बारशाचं आमंत्रण आगाऊ दिलं. "मालक," तो म्हणाला, "सही म्हणाल तिथं करतो. पर ताबा न्हाय बा. ताबा लई वाईट."

तेवढ्यात खरीप उजाडला आणि पीक पाहणी आली. सातबारा आहे म्हटल्यावर पीक दाखवणं आलं. मी 'पडीक' लिहायला निघालो, तर बब्रुवान माझ्यावर उखडले. पडीक दाखवलं तर मंडळाचा आकडा खाली जातो, असं त्यांचं म्हणणं. सऱ्या तयारच होत्या, तेव्हा सोयाबीन लिहिलं. त्या वर्षी पावसानं ओढ दिली, अख्ख्या शिवारातलं सोयाबीन माना टाकून बसलं. आमचं कागदावर जसंच्या तसं उभं. वरून कौतुकाचं पत्र आलं. पाठोपाठ कृषी खात्याचं एक पथक आलं. टेबलाभोवती गोल उभं राहून त्यांनी मान डोलावली आणि दोन झाडांतलं अंतर आदर्श आहे, असा शेरा मारला. मीही त्यांना वाकून वाकून माहिती दिली. लाज वाटली, पण दिली. माणूस बदलीसाठी काय काय करतो!

सातवा महिना सरता सरता गायत्री स्वतःच एसटीनं येऊन धडकली. हातात कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीचा डबा. लिंबाखाली फायलींवर दगड ठेवून बसलेलं कार्यालय तिनं पाहिलं, रिकाम्या खोलीत एकटा बसलेला नवरा पाहिला आणि ती दारातच थबकली.

"अगं बाई! अहो, हे काय चाललंय?"

मी सगळं क्रमानं सांगितलं. सांगताना मला ते अगदी बरोबर वाटत होतं, हे मला जास्त भयंकर वाटलं. गायत्रीनं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"ह्याच्यावरनं फोन लागतो का, एवढं तरी कुणी बघितलं?"

मी अहवालाचा कागद पुढं केला.

"सरा बाजूला," म्हणून तिनं हात पुढं केला. तिचं बोट बटणापासून वीतभर लांब होतं, तोच खिडकीतून बब्रुवान किंचाळले, "ताई! उभ्या पिकात हात घालू नका!"

गायत्री त्यांच्याकडं बघतच राहिली. मग माझ्याकडं वळली. मी खाली बघत होतो, आणि देवाशप्पथ सांगतो, माझ्या मनातही आधी पिकाचाच विचार आला होता. तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

"व्हय का," ती हळू बोलली. "मग लेकरू विचारंल तेव्हा काय सांगू? तुझा बाप शेतावर हाय म्हणून?" डबा टेबलावर ठेवायला निघाली, थबकली, आणि जमिनीवर ठेवून निघून गेली. मी भाकरी तशीच डब्यात ठेवून ढसाढसा रडलो. बब्रुवानना माझी दया आली. ते खिडकीकडून दाराकडं आले आणि उंबऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले.

"रडू नका. लोक संमती देत न्हाईत, असं तुमचं म्हणणं ना? साफ चूक. तुम्ही चुकीच्या ठिकाणी मागताय. तोंडावर मागितली की माणूस विचार करतो. मोबाईलवर मागा."

"म्हणजे?"

"लोक मोबाईलवर रोज काय न् काय उतरवून घेत्यात. कुणी गाणी, कुणी पंचांग, कुणी तोंड गोरं दाखवणारा कॅमेरा. त्याआधी एक लांबलचक चोपडं येतं. त्याच्या खाली काय लिहिल्यालं असतं?"

"'मला सर्व अटी मान्य आहेत'."

"ते चोपडं आजवर कुणी वाचलंय का?"

मी उठून उभा राहिलो. बब्रुवान यांच्या मेव्हण्याचा मुलगा पुण्यात असली चोपडी लिहायच्याच नोकरीला आहे. साहेबांनी कायदेशीर बाजू तपासली. संमती स्वखुशीची आहे, लेखी आहे, वाचण्यास पूर्ण संधी दिलेली आहे. त्यांना त्यात एकही दोष आढळला नाही. अटींच्या मध्यावर, जिथं वाचणाऱ्याचा डोळा कधी पोचत नाही, तिथं एक ओळ घातली गेली: 'वापरकर्ता सदर स्थावराचा ताबा पिकासह स्वखुशीने स्वीकारत आहे.' पहिल्या दिवशीच एवढ्या संमती आल्या, की निवड करायची पाळी आली. शिकलेला, नोकरदार, वाचनाची आवड असलेला माणूस बघा, असं साहेबांनी सुचवलं. असे लोक तक्रार उत्तम लिहितात, पण पाठवत नाहीत, असा त्यांचा अनुभव.

हे मी उमरग्याच्या एसटीत बसून लिहितो आहे. गायत्रीला नववा लागलाय. काल तिनं फोनवर विचारलं, "खरंच सुटला का?" आणि मी हो म्हटल्यावर ती नुसती नाक ओढत राहिली. माझ्या जागी जो येईल त्याचं मला वाईट वाटतं. मनापासून वाटतं. पण आता गाडी सुटलीय.

तर वाचकहो, आपली निवड झाल्याबद्दल अभिनंदन. ताबा घ्यायला येताना अंथरूण घेऊन या, खोलीत काही नाही. बटणांना हात लावू नका, शेंगा भरायला आल्यात. गुणदोषांचा अहवाल वर अपुरा ठरला आहे, कारण मोबाईल चालू होतो की नाही याचा त्यात उल्लेख नाही. तो आता आपण, चालू न करता, पूर्ण करायचा आहे.

आपण म्हणाल, मी असलं काही मान्य केलेलंच नाही, ही ओळ मी वाचलीच नव्हती. आपण असं म्हणाल हे साहेबांना माहीत होतं. म्हणून त्यांनी तिच्याखाली आणखी एक ओळ घालून घेतली: 'मी वरील सर्व मजकूर काळजीपूर्वक वाचला आहे.' तीही आपल्याला मान्य होती.