उजवोजी व डावोजी मूत्रपिंडे यांच्या ताटातुटीची हकीकत

श्री. जे वाहते त्यास नमन, आणि वाहते ते निर्मळ राखणारास दोनदा नमन. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, मार्गशीर्ष वद्य पंचमीचे सुमारास जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. एक राज्य होते, म्हणजे एका मध्यम वयाच्या बाईसाहेबांचा देह, आणि त्या राज्यात पाठकण्याच्या दो बाजूंस उजवोजी व डावोजी मूत्रपिंडे हे सख्खे बंधू रक्तनदीची चौकी सांभाळून होते. उजवोजींच्या डोईवर यकृतरावांचा भलाथोरला मुक्काम, म्हणोन ते तसूभर खाली बसत, आणि त्याचे वाईट मानीत नसत. हृदयावर सारी कवने होत, आणि या बंधूंचे नाव चारचौघांत कोणी घेईना, कां की त्यांचा माल मोरीत जाई. रक्ताचे पाणी करणे ऐसे लोक नुसते बोलतात, हे बंधू ते रोज करीत. आम्हांस ही उपेक्षा कधीच बरी वाटली नाही.

त्यांच्या चौकीची रीत मोठी विलक्षण. रक्त आले की ते लक्षावधी बारीक चाळण्यांतून गाळीत, आणि तांबड्या पेशी व प्रथिने आत राखून पाणी, मीठ, साखर, मळ सारे एकदम बाहेर काढीत, आणि मग लांब नळ्यांच्या काठी बसून ओळखीचे तेवढे पुन्हा घरात घेत, ऐसे की शंभर हंडे गाळिले तर नव्व्याण्णव परत येत आणि उरला हंडा मूत्र होऊन वाटेस लागे. राज्याचे कारभारी मस्तकराव यांनी एकदा पुसले की ही उरस्फोड कशास, मळ तेवढाच वेचून टाकावा. उजवोजींनी उत्तर दिले की मळाची नावे कोणास ठाऊक, रोज नवे औषध, नवे विष येते, आपली माणसे मात्र मोजकी, ती ओळखून घ्यावी म्हणजे बाकीचे आपसूक जाते. 

ते साली बाईसाहेबांच्या धाकट्या बहिणीच्या राज्यातून वाईट खबर आली. तेथील दोन्ही मूत्रपिंडे निकामी होऊन दोन वर्षे मूत्राचा थेंब नाही, पायांस सूज, श्वासास धाप, आणि आठवड्यास तीनदा यंत्राकडून रक्त धुऊन घेऊन दिवस ढकलणे चालले होते. बाईसाहेबांनी आपला एक बंधू देऊ केला, आणि वैद्यांनी तपासण्या करून डावोजींस पसंत केले, कां की त्यांची शीर लांब, जोडावयास सोपी. मस्तकराव घाबरले, आणि एकट्याने निभेल ना ऐसे उजवोजींस दहादा पुसते जाहले. परंतु खरी धास्ती डावोजींस. परराज्याचे पहारेकरी अनोळखी दिसला की मारावयास धावतात, हे त्यांस पक्के ठाऊक. निघते वेळी ते भावास बोलले,

"दादा, जन्मभर आपण ओळखीचे तेवढेच आत घेतले. तिथे मला कोण ओळखतो?"

"बहिणीचे घर आहे," उजवोजी बोलले. "ओळख पटेस्तोवर मान खाली घालून काम कर. इकडे तुझ्या वाटचेही मी गाळीन."

मग शीर तुटली, आणि डावोजी फिक्कट होऊन बर्फातून रवाना जाहले. तिकडे पहारेकऱ्यांस आधीच औषध देऊन मवाळ केले होते, आणि जुन्या चौकीदारांस जागीच निजू देऊन यांस ओटीपोटात उतरविले, आणि धमनी जोडिली, शीर जोडिली, मूत्राची वाट जोडिली, आणि मग चिमटे सोडिले. डावोजी गुलाबी जाहले, परंतु थेंब येईना. वैद्यांत कोणी कोणाकडे पाहीना. मग नळीच्या टोकाशी एक थेंब लोंबला, आणि पडला, आणि मग दुसरा, आणि मग धार लागली. मोठे वैद्य मुखपट्टीआड रडले, हे परिचारिकेने स्वमुखे सांगितले.

तात्पर्य, उजवोजी वर्षात चांगले दांडगे होऊन दोघांचा भार एकटे वाहतात, आणि डावोजी तिकडे रुळले, औषध मात्र जन्माचे. हल्ली दोघी बहिणी गाडीने निघाल्या की धाकटी दर दोन कोसांस गाडी थांबवायास लाविते, आणि थोरली आनंदाने थांबविते.