सांडूच्या दुधाची परीक्षा

शनिवारची सकाळची शाळा होती आणि तनुजाला सातवीच्या तीस मुलांसाठी तीस गाळण्या हव्या होत्या. पडेगावातल्या तिच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्यात गाळणी एकच, तीही वाकडी. तिने सासूबाईंच्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातून एक पांढरी सुती साडी ओढली आणि टर्रकन फाडली.

आतून आवाज आला, "काय फाटलं गं?"

"काही नाही आई, जुनंच आहे."

"जुनं म्हणजे माझंच असणार," अंबिकाबाई म्हणाल्या. दोन वर्षांची सावनी आजीच्या मांडीवर दूध पीत होती. ओठावर दुधाची मिशी ठेवून तिनेही आईकडे संशयाने पाहिलं.

प्रयोग सोपा होता. घरून वाटीभर दूध आणायचं, साय येऊ नये म्हणून फडक्यातून गाळायचं आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकायचे. दुधात कुणी पीठ कालवलं असेल तर रंग निळा-काळा होतो, नाहीतर नुसता पिवळट राहतो.

"ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही," तनुजाने वर्गाला बजावलं. "स्वतः करून बघायचं."

मुलांनी करून बघितलं. पहिली वाटी निळी झाली. दुसरीही. तिसरी तर शाईसारखी.

"मॅडम, हे सांडूकाकांचं दूध हाय!"

"माझंबी त्यांचंच!"

सांडू दूधवाला बारा वर्षं तनुजाच्या घरासकट निम्म्या पडेगावाला दूध घालत होता. त्याची मुलगी रूपा याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. रूपाने घरून आणलेल्या दुधात थेंब टाकले. तेही निळं झालं.

"घरच्यांनाबी सोडत नाय गं तुझा बाप!" कृष्णा ओरडला.

हिमांशूने पिशवीचं दूध आणलं होतं. तेसुद्धा निळं झालं, तेव्हा खरं तर तनुजाला शंका यायला हवी होती. पण तिच्या डोळ्यांपुढे सावनीची ती दुधाची मिशी आली. शिक्षिका मागे राहिली आणि आई पुढे झाली. वर्गाने आपला निष्कर्ष काढून टाकला, सांडूकाका चोरून पिशव्याही भरतात.

दुपारपर्यंत बातमी सगळ्या गल्ल्यांमधून फिरली. स्वतः करून बघायला कुणी थांबलं नाही. पोरांनी डोळ्यांनी बघितलं होतं, तेवढं पुरे होतं. शेजारच्या भामाबाईंना आपले गुडघे का दुखतात ते कळलं. कुणाला आपला मुलगा गणितात का मागे पडतो ते कळलं.

"मला पहिल्यापासून वाटायचं," अंबिकाबाई म्हणाल्या. "दूधवाला माणूस इतका गोड बोलतो कसा?"

रविवारी सांडूसाठी एकही दार उघडलं नाही. भरलेले कॅन तसेच घरी परत गेले.

सोमवारी प्रार्थना संपतासंपता तो शाळेच्या फाटकातून आत आला. सोबत रूपा होती. तिचे डोळे सुजलेले, हातात दावं, आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला म्हैस.

"हे काय?" मुख्याध्यापक अनंतराव दोन पावलं मागे सरकले.

"साक्षीदार हाय," सांडू म्हणाला. "सर, मला काय म्हनायचं ते म्हना. पन पोरगी दोन दिस जेवली नाय. शाळेतच जानार नाय म्हनती. आता समद्यांच्या म्होरं धार काढतो. करा तुमची परीक्षा, हो जाने दो."

पालक फाटकाशी जमलेच होते. सांडूने तांब्या घेतला, धार काढली. कोमट, फेसाळ दूध. तनुजाने ते फडक्यातून वाटीत गाळलं आणि थेंब टाकले.

निळं.

सगळे म्हशीकडे बघू लागले. म्हैस रवंथ करत होती.

"चारा काय घालता हिला?" अनंतरावांनी दरडावून विचारलं.

"कडबा! सरकी!"

"पोळ्या?"

"सर, शिळ्या भाकरी घालतो कधीमधी, पन म्हनून..." सांडू म्हशीकडे वळला. आता त्याचाच म्हशीवरचा विश्वास डळमळू लागला होता.

रूपा मात्र वाटीकडे टक लावून बघत होती. तिने नाक पुसलं. "मॅडम, नुसतं पाणी गाळून बघू?"

"पाण्यात कुठलं पीठ?" अनंतराव म्हणाले.

"करून बघते."

तिने नळाचं पाणी फडक्यातून गाळलं. दोन थेंब टाकले. पाणी निळं झालं.

"अरे देवा," अनंतराव पुटपुटले, "नळालासुद्धा!"

"नाय सर." रूपाने तांब्यातलं दूध न गाळता दुसऱ्या वाटीत ओतलं, थेंब टाकले. दूध पिवळट राहिलं. तिने फडकं उचलून तनुजाच्या हातात दिलं. "हे कडक का हाय मॅडम?"

तनुजाचे कान तापले. "खळ," ती हळूच म्हणाली. "आमच्या सासूबाई सुती साड्यांना साबुदाण्याची खळ घालतात. हे त्यांच्या साडीचं फडकं आहे."

"म्हणजे भेसळ तुमच्या सासूबाईंची?" अनंतरावांनी विचारलं.

तनुजाने सगळ्या शाळेसमोर सांडूची माफी मागितली, मग रूपाची वेगळी मागितली, तिच्यापुढे खाली बसून. रूपा तिच्या गळ्यातच पडली. कृष्णाने तिला आपल्या डब्यातला लाडू देऊ केला. सांडूची छाती फुगली.

"ऐका रे समदे! शुद्ध हाय माझं दूध! लई नावं ठेवत होता!"

"आणि रूपा," तनुजा डोळे पुसत म्हणाली, "येत्या शनिवारचा प्रयोग तू घ्यायचास."

"कशाचा मॅडम?"

"दुधात पाणी किती मिसळलंय ते मोजायचा. त्याचं यंत्र मागवलंय."

रूपाने टुणकन उडी मारली. सांडू मात्र एकाएकी म्हशीचं दावं सोडवण्यात गुंतला, जे कुठे अडकलंच नव्हतं.

"येत्याच शनवारी व्हय?" त्याने मान वर न करता विचारलं. "एवढी घाई काय हाय? पोरं दमली असतील."

मंगळवारी सकाळी अंबिकाबाईंनी तापवलेल्या दुधावरची साय सुरीने कापून काढली. पातेल्यात वाकून बराच वेळ पाहिलं.

"तनुजा, हे दूध कुणाचं?"

"सांडूभाऊंचंच की."

"मग बारा वर्षं कुणाचं होतं?"

तनुजाने सावनीची वाटी काठोकाठ भरली. शुक्रवारी यंत्र आलं. रूपा वर्गात सगळ्यांना सांगत होती की माझ्या बाबांची दोनदा परीक्षा होणार आणि दोन्हीत ते पहिले येणार. तनुजाने खोकं कुणाला न दाखवता, न उघडताच कपाटात सर्वांत वर ठेवलं, कुलूप लावलं आणि शनिवारी लोहचुंबक शिकवला.

त्याला आता चार महिने झाले. सावनीचे गाल चांगलेच वर आलेत. सांडू रोज दारात माप भरून, वर धार सोडतो आणि दबक्या आवाजात विचारतो, "मॅडम, ते यंत्र आलं का वो?"

"अजून नाही," तनुजा पातेलं पुढे करत म्हणते. "पण कधीही येईल हं."